नाताळचें झाड आणि त्याची निगा
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या सभेंतील भाषण)



नाताळ जवळ आला आहे, म्हणून आज आम्ही एका लहानशा विषयावर बोलणार आहों. तो विषय म्हणजे घरांतील नाताळच्या झाडाची निगा. धर्मगुरूंनीं झाडाझुडपांची चर्चा कां करावी, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर आमच्याच एका चुकींत आहे.

आम्ही तरुण असतांना एका नाताळांत आमच्या निवासाच्या दिवाणखान्यांत सुरूची मोठी फांदी उभी केली. तिला पाणी घालण्याचें काम आम्हीं स्वतःकडे घेतलें, आणि विसरलों. नवव्या दिवशीं गव्हाणीपुढील मेणबत्तीची ज्योत तिला लागली व क्षणांत भडका उडाला. गाणीं म्हणावयास आलेलीं मुलें अजून दारांतच होतीं, म्हणून निभावलें. पुढें झालेल्या एकाचा हात मात्र भाजला. त्याच्या आईनें आम्हांस एक शब्दही बोलून दाखविला नाहीं. तें मौन आम्ही अद्याप विसरलों नाहीं.

ही चाल मूळची जर्मन मुलखांतली. स्ट्रासबुर्ग नगरांत लोक घरांत फरचें झाड उभें करून त्यावर कागदी गुलाब व सफरचंदें टांगीत, अशी इ. स. १६०५ ची नोंद आहे. रोम येथें संत पेत्राच्या चौकांत पहिलें झाड १९८२ सालीं, पोप दुसरे जॉन पॉल यांच्या कारकीर्दींत, उभें राहिलें.

ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत, त्यांनीं त्यांस पुढील गोष्टी अवश्य कळवाव्या. तोडलेलें फरचें झाड पाणी पीतच असतें; परंतु कांहीं तासांतच त्याचा छेद राळेनें बंद होऊं लागतो. म्हणून घरीं आणतांच बुंध्याची एक इंच जाडीची चकती सरळ कापून काढावी व झाड लगेच पाण्यांत ठेवावें. भांड्यांत बसत नाहीं म्हणून बुंधा तासूं नये; कारण पाणी मुख्यतः सालीलगतच्या लाकडांतूनच वर चढतें. बुंध्याच्या दर इंच व्यासामागें सुमारें एक लिटर पाणी मावेल असें भांडें घ्यावें. साखर वा औषध नको. साधें पाणी पुरे. मात्र तें छेदाच्या खालीं कधींही जाऊं देऊं नये. हिरव्या सुया हात लावतांच झडूं लागल्या, कीं झाड घराबाहेर न्यावें.

आपल्या किनाऱ्यावरचें सुरूचें झाड फरच्या कुळांतलें नव्हे. पण तोडल्यावर तेंही सुकतें. त्याची फांदी बादलींतील ओल्या वाळूंत रोवून रोज पाणी घालावें. कुंडींतील अरोकेरियास भरपूर उजेड द्यावा, मुळांशीं पाणी सांचूं देऊं नये आणि शेंड्यास जपावें. तो मोडल्यास पुन्हां तसा फुटत नाहीं. मेणबत्ती कोणत्याही झाडाजवळ नको. विजेचे दिवे निजण्यापूर्वीं बंद करावे.

बंधुभगिनींनो, झाड सजविणारे हात पुष्कळ असतात. सकाळीं वांकून भांड्यांतील पाणी पाहणारा एखादाच असतो. पन्नास वर्षें आपला धर्मग्राम टिकला, तो अशाच माणसांमुळें. त्यांतील कित्येकांचीं नांवें या पुस्तिकेंतही आढळणार नाहींत. यंदा प्रत्येक घरांत हें पाणी पाहण्याचें काम एकाकडे नेमून द्यावें, आणि त्यानें तें आमच्यासारखें विसरूं नये, एवढीच विनंति.

बाळ येशू आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.