पाचोळा : जंगलाची शिल्लक



गोंदिया जिल्ह्यात हिवाळा सरता सरता पानगळीस वेग येतो. २०१३ साली व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झालेल्या नवेगाव-नागझिराच्या वनांत साग, ऐन, बिजा, धावडा यांच्या पानांचा जाड थर साचतो. या थरास कचरा समजणे ही मोठी चूक होय. या वनांस कोणी खत घालीत नाही. तरीही ती दरवर्षी नव्याने पालवतात. त्याचे रहस्य या पाचोळ्यात आहे.

वृक्ष काटकसरी गृहस्थासारखा वागतो. पान गळण्यापूर्वी त्यातील नत्र व स्फुरद यांचा बराच अंश तो फांद्यांत परत ओढून घेतो. उरलेला अंश पानाबरोबर जमिनीवर येतो. वाळवी पाने कुरतडते. मृगाच्या सरी पडताच बुरशी व जीवाणू ती कुजवितात. त्यातून मोकळी झालेली पोषकद्रव्ये वाहून जाण्याआधीच मातीच्या वरच्या थरातील बारीक मुळे बहुतांशी शोषून घेतात.

हे चक्र तुटल्यास काय होते, हे अमेरिकेतील हबर्ड ब्रूक येथील प्रयोगाने दाखविले. तेथे १९६५ च्या अखेरीस एका पाणलोटातील सर्व झाडे तोडून नवी वाढही रोखण्यात आली. पुढे ओढ्याच्या पाण्यातील नायट्रेट ४० पटींच्या आसपास वाढले. जमिनीचे धन पाण्याबरोबर निघून गेले.

जंगलात हे चक्र वणव्यानेही तुटते. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटविण्याची, तेंदूस नवी पालवी फुटावी म्हणून आग लावण्याची रीत जुनी आहे. त्यामागे पोटाची निकड आहे. मोहफूल आणि तेंदूपान यांवर अनेक घरांचा उन्हाळा निभतो. परंतु आगीत पाचोळ्यातील नत्राचा मोठा भाग हवेत उडून जातो, आणि उघड्या उतारावरील राख पहिल्या मोठ्या पावसात वाहून जाते. मोहाची कोवळी रोपेही जळतात. आजची टोपली भरते. नातवाचा मोह मात्र जातो.

यावर उपाय अवघड नाही. पाला झाडून बाजूस सारावा, अथवा झाडाखाली जाळी अंथरावी. तेंदूची झुडपे छाटल्यानेही नवी पाने फुटतात.

बांधीत शेणखत घातल्याविना जमिनीचा कस टिकत नाही, हे धान पिकविणारा शेतकरी जाणतो. जंगलाचे खत जंगलच तयार करते. ते जाळू नये, एवढीच त्याची अपेक्षा आहे.