आधी माणूस, मग मागणी

(झाशी येथे खंडेराव गेटजवळ मराठी रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांच्या सभेत केलेले भाषण)



आजचा विषय 'प्रेम आणि नेतृत्व' असा ठरला तेव्हा आमच्यातल्याच काहींना हसू आले. युनियनच्या सभेत महागाई भत्ता, बदल्या, खासगीकरण यांवर बोलावे. प्रेमाचे काय काढलेत? हसू आम्हालाही आले होते. पण ज्या खंडेराव दरवाजाशी आपण जमलो आहोत तो झाशीच्या जुन्या तटाचा दरवाजा आहे, आणि या तटाआडच्या एका बाईंची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही.

पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५८ च्या वेढ्यात झाशीत अडकले होते. त्यांचे 'माझा प्रवास' १९०७ साली छापले गेले. त्यात लढाईइतकीच लक्षात राहते ती एक थंडीतली हकीकत. राणी लक्ष्मीबाई महालक्ष्मीच्या दर्शनाहून निघाल्या तेव्हा दाराशी गोरगरिबांची गर्दी दिसली. ही माणसे का जमली, असे त्यांनी दिवाणांना विचारले. थंडीने हैराण झाली आहेत, असे कळताच शहरातले शिंपी कामाला लावले, आणि थोड्याच दिवसांत त्या लोकांना टोपी, बंडी, घोंगडी मिळाली. बाईंनी पालखी थांबवली, विचारले आणि ऐकले, हे आम्हाला त्या घोंगडीपेक्षा मोठे वाटते.

तरीही कोणी म्हणेल, हे राजाचे दान झाले. कामगाराला दान नको, हक्क हवा. बरोबर आहे. त्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांच्याकडे गेले पाहिजे. हे तर आपलेच. आधी रेल्वेत, मग टपाल खात्यात नोकरी करून ते मुंबईच्या एका गिरणीत स्टोअरकीपर म्हणून गेले. तिथे त्यांनी गिरणी कामगारांचे हाल डोळ्यांनी पाहिले. १८८४ साली सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज त्यांनी फॅक्टरी कमिशनपुढे नेला. १८९० मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जी सभा झाली तिच्यात दोन कामगार बायका बोलल्या. त्या काळी! पुढाऱ्याने स्वतः मागे सरून बायकांना पुढे करणे आजही आपल्या किती शाखांत होते, ते आपण जाणता. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढे मुंबईत प्लेग आला. ज्यांना गावी पळणे शक्य होते ते पळाले. लोखंडे रोग्यांची सेवा करीत राहिले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच गेले. २००५ साली त्यांच्या नावाचे तिकीट निघाले. त्यावर शिक्के मारणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी हा माणूस कोण म्हणून विचारले असेल?

अमेरिकेत टेलिफोन कंपनीत अडतीस वर्षे काढलेल्या रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी १९७० साली एक निबंध लिहून 'सेवक-नेता' ही कल्पना मांडली. आधी सेवक, मग नेता. ज्यांची सेवा केली ती माणसे वाढली का, अधिक स्वतंत्र झाली का, हीच त्यांची कसोटी. व्यवस्थापनाच्या शिबिरांत हे आता तक्त्यांसह शिकवतात. लोखंड्यांना त्याची गरज पडली नव्हती.

आता आमचीच एक चूक सांगतो. शाखेचे नाव घेत नाही. एका मयत गँगमनची पत्नी फॅमिली पेन्शनसाठी आमच्याकडे तीनदा आली. तिन्ही वेळा आम्ही कागदांची यादी वाचून दाखवली, तिने मान हलवली, आणि आम्ही पुढच्या कामाला लागलो. कार्यालयाच्या निष्काळजीपणाविरुद्ध आमचे भाषण त्याच आठवड्यात गाजले होते, हे विशेष! चौथ्या वेळी आर.एम.एस.मधला एक तरुण सभासद तिथे बसला होता. त्याने तिला खुर्ची दिली, पाणी दिले आणि विचारले, "मावशी, तुमचं माहेरचं नाव काय?" गुंता तिथेच होता. सर्व्हिस बुकात माहेरचे नाव, रेशनकार्डावर सासरचे. तिला वाचता येत नव्हते, आणि आमच्यापुढे ते सांगायची लाज वाटत होती. त्या पोराने रजा टाकून तिच्याबरोबर प्रतिज्ञापत्र केले, अर्ज भरला, खेटे घातले. पेन्शन सुरू झाली. नंतर तीच बाई वस्तीतल्या दुसऱ्या दोघींना घेऊन आली, आणि कोणते कागद लागतात ते त्यांना तिनेच तोंडपाठ सांगितले.

आम्हाला नियम त्या पोरापेक्षा जास्त ठाऊक होते. आम्ही तिच्याकडे पाहिले नव्हते, एवढेच.

सभा संपल्यावर चहा आहे. चहानंतर डाव्या बाजूच्या टेबलावर आम्ही पेन्शनचे आणि नावदुरुस्तीचे कागद घेऊन बसणार आहोत. कंत्राटी सफाई कामगार आणि ग्रामीण डाक सेवक यांनीही यावे. सभासदत्वाची पावती कोणी विचारणार नाही. आज तो तरुणही आला आहे. अवघड प्रकरणे त्याच्याकडे द्या, आम्ही झेरॉक्स काढून आणू.