आजीचं नाव काय?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आपल्या वर्गात 1 जूनला जन्मलेले किती जण होते, आठवतंय? शाळेत नाव घालताना तारीख ठाऊक नसली की गुरुजी 1 जून लावायचे. माझ्या वडिलांचीही तारीख तीच.

मुलीच्या जात पडताळणीसाठी मला वडिलांचा जुना पुरावा हवा होता. इतर मागासवर्गासाठी तो 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा लागतो. शाळेचा उतारा मिळाला, पण त्यात आडनावच नव्हतं. मग शहापूरला तहसील कचेरीत आमच्या गावचा नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूचं जुनं रजिस्टर, पानन्‌पान पाहिलं. वडिलांचा जन्म कुठेच नाही!

त्याच सुमारास वडील गेले. कसारा घाट चढून अस्थी नाशिकला रामकुंडावर नेल्या. उपाध्यांनी मूळ गाव आणि आडनाव विचारलं आणि लांबट वही काढली. आजोबा पणजोबांच्या अस्थी घेऊन आले होते, तेव्हाची नोंद सापडली. खाली घरातली माणसं लिहिली होती. त्यात आजीचं नाव आणि तिचं माहेर, मुरबाड तालुक्यातलं, गावासकट.

वडील चार वर्षांचे असताना आजी वारली. आजोबांनी दुसरं लग्न केलं, त्यानंतर तिचं नाव कुणी काढलं नाही. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी मी माझ्या आजीचं नाव पहिल्यांदा उच्चारलं.

घाट उतरताना डोक्यात प्रकाश पडला. वडील थोरले आणि पहिलं बाळंतपण माहेरी! म्हणजे नोंद मुरबाडला असणार. तिथे रजिस्टर काढलं. लिखाण मोडीत होतं, वाचणारा शोधावा लागला. बाळाचं नाव नव्हतंच, नुसतं ‘मुलगा’. पण बापाचं नाव, आडनाव, गाव आणि जात स्पष्ट होती. महिना जुलै, ऐन आवणीचा. मुलीचं काम झालं. वडिलांना मात्र त्यांचा खरा वाढदिवस सांगायचा राहून गेला.

अमेरिकेत घराण्याचा शोध घ्यायला खास केंद्रं आहेत. तिथल्या युटा राज्यातल्या संस्थेने आपल्या हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीसुद्धा सूक्ष्मचित्रं घेतली आहेत. आपली केंद्रं म्हणजे शाळेचं जनरल रजिस्टर, तहसील कचेरी आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्या. भातसा किंवा बारवी धरणात ज्यांचं गाव गेलं, त्यांनी उपाध्यांना आजचा पत्ता सांगू नये, बुडालेल्या गावाचं नाव सांगावं. वही त्याच नावाने उघडते.

पण कागदाच्या आधी माणसं. घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल, तर आज घरी गेल्यावर त्यांच्यापाशी बसा. आजी-पणजीचं नाव विचारा, तिचं माहेर विचारा आणि लिहून ठेवा. रजिस्टर थांबेल, माणूस थांबत नाही.

गुरुजी, 1 जूनबद्दल तक्रार नाही. तुम्ही पाटी हातात दिलीत, म्हणून तर वही वाचता आली. निघताना उपाध्यांनी ती माझ्यापुढे केली. मी बायकोचं नाव लिहिलं, तिचं माहेर लिहिलं आणि दोन्ही मुलींची नावं लिहिली. पुढे कुणी शोधत आलं, तर त्याला आजीचं नाव विचारत फिरावं लागू नये.