निरपराध कळफलक

१९८४ सालीं आलेल्या आय. बी. एम. पीसी-एटीच्या घराण्यांतील जुन्या संगणकांत नेटवर्क कार्ड बसवितांच कळफलक मुका झाला, तर संशय प्रथम इंटरप्टवर, म्हणजे प्रोसेसरचें लक्ष वेधणाऱ्या तारेवर, जातो. कळफलकाची तार १ क्रमांकाची. परंतु ती कार्डाच्या स्लॉटपर्यंत आणलेलीच नसते. मग भांडण कोठें आहे? बहुधा पत्त्यांत. कार्डाचा पत्ता दुसऱ्याच्या हद्दींत शिरला, तर सारें यंत्रच थबकूं शकतें आणि बोल लागतो कळफलकाला. यास्तव वीज बंद करून कार्ड काढावें. कळफलक बोलूं लागला, तर जंपर बदलून कार्डास मोकळा पत्ता द्यावा. नवा कळफलक विकत आणूं नये.