सेप्सिस : रक्ताचा अहवाल आणि आपली सावधता

(आरोग्य व्याख्यानमालेतील भाषण)



मी डॉक्टर नव्हे, बी.कॉम. झालेला कापड व्यापारी आहे. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करतो, त्यास घरचा अनुभव कारण आहे. काही वर्षांपूर्वी पर्युषणात आमच्या वहिनींनी अठ्ठाई केली. पारण्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना थंडी वाजून ताप आला, लघवीला जळजळ होत होती. रक्त तपासणीस दिले. सायंकाळी त्या असंबद्ध बोलू लागल्या. "तपाचा थकवा आहे, सकाळी रिपोर्ट येऊ दे, मग पाहू," असे मीच म्हणालो. पहाटे त्यांची शुद्ध हरपली. रुग्णालयात निदान झाले, सेप्सिस. अकरा दिवसांनी त्या सुखरूप घरी आल्या. परंतु वाया घालवलेली ती रात्र मी विसरू शकत नाही.

जंतुसंसर्गाशी लढताना शरीराचा प्रतिकार बेताल होऊन स्वतःच्याच अवयवांना इजा करू लागतो, त्यास सेप्सिस म्हणतात. त्याच्या निदानास व उपचारास रक्तातील काही घटकांची मोठी मदत होते. सी.आर.पी. हे यकृतात तयार होणारे प्रथिन १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांत आढळले. कोरोनाच्या काळात ते नाव पुण्यात घरोघरी पोहोचले. मात्र कोणत्याही दाहाने, शस्त्रक्रियेनेही ते वाढते. १९९३ पासून प्रोकॅल्सिटोनिनकडे लक्ष वेधले गेले. जिवाणूंच्या गंभीर संसर्गात ते काही तासांतच वाढते आणि उपचार लागू पडल्यास दररोज सुमारे निम्म्याने उतरते. त्यावरून अँटिबायोटिक केव्हा थांबवावे, हे ठरविण्यास डॉक्टरांना आधार मिळतो. लॅक्टेट वाढले, तर पेशींवर ताण पडल्याचा इशारा मिळतो. जंतू कोणता, हे ब्लड कल्चर सांगते. पण त्यास एक-दोन दिवस वा अधिक लागतात.

तथापि यांपैकी एकही आकडा स्वतंत्रपणे अंतिम निर्णय देत नाही. एका दिवसाच्या रोजमेळावरून वर्षाचा नफा-तोटा ठरत नाही, तसेच हे आहे. आकडा चढतो की उतरतो आणि रुग्ण कसा दिसतो, हे एकत्र पाहावे लागते.

प्रयोगशाळा नसतानाही काय साधते, हे आपल्याच महाराष्ट्राने दाखविले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील स्त्रियांना प्रशिक्षण दिले. केवळ लक्षणांवरून त्यांनी नवजात बालकांतील सेप्सिस ओळखून उपचार केले. अशा बालकांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. हा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला.

म्हणून नम्र विनंती. घरातील तपस्वी, वृद्ध, मधुमेही वा तान्हे बाळ आजारी असता ताप येणे किंवा अंग गार पडणे, धाप लागणे, लघवी कमी होणे, असंबद्ध बोलणे, बाळाने दूध न ओढणे अशी लक्षणे दिसली, तर रिपोर्टची वाट पाहत घरी थांबू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे व "हा सेप्सिस तर नाही ना?" असे निःसंकोच विचारावे. रक्ताचा अहवाल उपचार चालू असताना येऊ शकतो. गेलेली वेळ परत येत नाही.