खोली नाही तर गुरुजी राहणार कुठं?
(तालुका मेळाव्यातील भाषण)



नेवाडाच्या जमिनीसाठी जमलोय आणि हे गुरुजींचं काय काढलं, असं मागं कोणी म्हणतंय. थोडं ऐका. विषय जमिनीचाच आहे.

आमच्या गावात पहिली ते चौथी शाळा आहे. गुरुजी एक, खोली एकही नाही. शाळा भरते कारभाऱ्याच्या ओट्यावर. चार वर्ग एकाच ओळीत. पाऊस आला की बकऱ्या ओट्यावर चढतात, त्यांना हाकलणार कसं? घर त्यांचंच! पोरं बोलतात पावरी, गुरुजी खाली खानदेशातले. निम्मं वरीस एकमेकांचं बोलणं समजण्यातच जातं. रात्री गुरुजी आज याच्या पडवीत, उद्या त्याच्या. आषाढात आपल्याच घरी दाणा नसतो, त्यांना काय वाढणार? पगाराला धडगावला जायचं तर डोंगर उतरून पायी. नदीला पाणी असलं तर अलीकडंच मुक्काम. त्यात मतदारयाद्या, जनगणना, आणि कुटुंबनियोजनाच्या केसेस आणा म्हणून वरून तगादा. शिकवायचं कधी?

काही गावं म्हणतात, अर्ज करू, गुरुजी बदलून घेऊ. महिना महिना तोंड न दाखवता सही करून पगार उचलणाऱ्याची बाजू आम्ही घेत नाही, त्याला जाब विचारायचाच. पण राहून शिकवणाऱ्याला बदललं तर नवा माणूस त्याच ओट्यावर बसणार ना?

सरकारच्या 1986 च्या शिक्षण धोरणात खडू-फळा मोहीम होती. प्रत्येक प्राथमिक शाळेला सगळ्या ऋतूत चालतील अशा दोन मोठ्या खोल्या आणि निदान दोन शिक्षक, त्यात शक्यतो एक बाई, असं लिहिलं होतं. मग आमची खोली कुठं अडली? जिल्हा परिषदेत विचारलं तर म्हणाले, तुमचं वनगाव, जागा जंगलखात्याची. 1980 च्या कायद्याप्रमाणे तेव्हा दिल्लीच्या परवानगीशिवाय जंगलजमीन दुसऱ्या कामाला देता येत नव्हती. म्हणजे नेवाडदाराला जे उत्तर, तेच पोरांच्या शाळेला. गेल्या साली गावानं गुरुजींसाठी कुडाची झोपडी उभी केली, तर गार्डानं खांब उपटायला लावले. जाताना कोंबडी घेऊन गेला ती वेगळीच.

म्हणून नेवाडाच्या मागणीपत्रातच शाळा घालायची. वनगावाचं महसूल गाव करा. तोवर शाळेच्या आणि गुरुजींच्या खोलीच्या जागेचा प्रस्ताव सरकारनं स्वतः दिल्लीला पाठवावा. दुसरा शिक्षक द्या, पावरी बोलणारा आपल्यातलाच बारावी झालेला पोरगा किंवा पोरगी चालेल. केसेसचा तगादा बंद करा.

गुरुजी लोक नोकरीच्या भीतीनं सही करणार नाहीत, त्यांना ओढू नका. सह्या-अंगठे आपले. कागद पुढं ठेवलाय, शाईचा डबा पण आहे. बाया आधी या, त्यांना लांब जायचंय.