बाभळीच्या शेंगा : वासरांचा उन्हाळी आधार



चैत्र सरला की मराठवाड्यातील व पश्चिम महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण भागातील गायराने उघडी पडतात. दुभत्या जनावराला आणि बैलाला कडब्याची पेंढी तरी मिळते; दूध तुटलेल्या वासराकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. १९७२ किंवा २०१९ सारखा मोठा दुष्काळ पडला तर शासनाच्या वतीने चाऱ्याची व्यवस्था होते. वासरांचा दुष्काळ मात्र दरवर्षी येतो आणि तो जाहीर होत नाही. उन्हाळ्यात वाढ खुंटलेली कालवड उशिरा माजावर येते, उशिरा विते आणि या विलंबाची किंमत शेतकरी कुटुंबास मोजावी लागते.

नेमक्या याच दिवसांत गावरान बाभळीच्या शेंगा पिकून झाडाखाली पडतात. ज्वारीच्या कडब्यात प्रथिने शेकडा ३ ते ४ असतात. या शेंगांत ती सुमारे १२ असतात. शेळ्या-मेंढ्या पाळणारे लोक या शेंगांचे मोल पूर्वीपासून जाणतात. वासरांना त्या देताना मात्र दोन पथ्ये पाळावी लागतात.

पहिले पथ्य भरडण्याचे. बाभळीचे बी कठीण कवचाचे असते. शेंग अख्खी दिल्यास पुष्कळसे बी न पचता शेणावाटे बाहेर पडते व त्यातील प्रथिने वाया जातात. वेड्या बाभळीच्या गोड शेंगांच्या बाबतीत तर असे अख्खे बी शेणखतातून शेतात जाऊन तेथे काटेरी रान माजते. म्हणून शेंगा उन्हात कडकडीत वाळवाव्यात, भरडाव्यात व कोरड्या जागी ठेवाव्यात. बुरशी धरलेल्या शेंगा मुळीच वापरू नयेत.

दुसरे पथ्य प्रमाणाचे. ज्या तुरट द्रव्यामुळे बाभळीची साल कातडी कमावण्यास उपयोगी पडते, ते शेंगांतही असते. ते अधिक झाल्यास प्रथिनांच्या पचनास बाधा येते. यास्तव चांगले रवंथ करू लागलेल्या, साधारणतः सहा महिन्यांवरील वासरांनाच हा भरडा द्यावा. पेंड व कोंडा यांच्या खुराकात प्रारंभी दहावा हिस्सा मिसळावा आणि पुढील वाढ पशुवैद्यकाच्या सल्ल्याने करावी. वैरण, पाणी, मीठ व क्षारमिश्रण नेहमीप्रमाणे चालू ठेवावे. शेंगा हे पूरक खाद्य आहे, वैरणीची जागा त्या घेऊ शकत नाहीत.

याहून मोठे काम ग्रामपंचायतींच्या हाती आहे. सरपणासाठी व कोळशासाठी गावरान बाभळी तोडल्या जातात. तोडलेल्या झाडाचे मोल एकदाच मिळते. उभे झाड वर्षानुवर्षे शेंगा देते. गायरानातील बाभळी राखाव्यात आणि तेथील शेंगा वेचण्यात भूमिहीन व एक-दोन जनावरांवर गुजराण करणाऱ्या कुटुंबांना अग्रक्रम द्यावा, असा विचार ग्रामसभेत अवश्य व्हावा. पशुवैद्यकीय दवाखान्यांनी भरडा तयार करण्याची प्रात्यक्षिके दाखवावीत. शिक्षकांनी उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी मुलांना या शेंगांचा उपयोग समजावून द्यावा.

पावसाळ्याच्या तोंडी गोठ्यातील वासरू धट्टेकट्टे दिसले, तर या साऱ्या खटाटोपाचे सार्थक होईल.